विमानातला सहावा हिस्सा: सामायिक मालकीचा हिशेब

खासगी वैमानिकाचा परवाना हाती आला की पुढचा प्रश्न असतो तो उडायचे कशात हा. प्रशिक्षण संस्थेचे विमान तासाच्या भाड्याने मिळते, पण विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकातून उरलेल्या वेळेतच मिळते, आणि ते घेऊन दोन दिवस बाहेरगावी मुक्कामाला जायचे म्हटले तर बहुतेक ठिकाणी विमान नुसते उभे राहिल्याबद्दलही रोजच्या काही तासांचे किमान भाडे भरावे लागते. स्वतःचे विमान घ्यावे, तर वर्षाकाठी तीस-चाळीस तास उडण्यासाठी उरलेले ८,७०० तास त्याचा खर्च सोसत बसावे लागते. या दोहोंमधला मार्ग म्हणजे काही वैमानिकांनी मिळून एक विमान घेणे, त्याचे हिस्से पाडणे आणि उभ्या विमानाचा खर्च वाटून घेणे. हा मार्ग जुना आहे आणि तो खरोखरच स्वस्त पडतो. मात्र तो किती स्वस्त पडेल हे विमानापेक्षा गटाच्या हिशेबाच्या वहीवर जास्त अवलंबून असते, आणि नवा सभासद बहुधा विमानाभोवती तीन फेऱ्या मारतो, पण वही मागत नाही.

सामायिक मालकी म्हटले की काही जणांना व्यावसायिक जेट विमानांमधले हिस्से आठवतात. ती पद्धत वेगळी आहे. एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन या अमेरिकी कंपनीने १९८६ मध्ये रिचर्ड सँटुली यांच्या पुढाकाराने नेटजेट्स या नावाने ती सुरू केली. तेथे वैमानिक कंपनीचे असतात, देखभाल कंपनी पाहते, हिस्सेदार प्रवासी म्हणून मागे बसतो आणि ज्या विमानात त्याचा हिस्सा आहे तेच विमान त्याच्यासाठी येईल असेही नसते. या लेखाचा विषय आहे तो स्वतः उडवणाऱ्यांचा गट: साधारण चार ते दहा वैमानिक आणि त्यांच्यात मिळून एका पिस्टन इंजिनाचे एक छोटे विमान, बहुधा सेस्ना १७२ किंवा पायपर पीए-२८. सेस्ना १७२ चे उत्पादन १९५६ मध्ये सुरू झाले आणि आजवर ४४,००० हून अधिक विमाने बांधली गेली आहेत. गटांमध्ये अशी विमाने एवढी का दिसतात याचे उत्तर याच आकड्यात आहे. सुटे भाग मिळतात, ओळखीचे तंत्रज्ञ मिळतात आणि बहुतेक सभासदांनी प्रशिक्षणातच ते किंवा तसलेच विमान हाताळलेले असते.

आता खर्चाची फोड पाहू. विमानाला तीन प्रकारचे पैसे लागतात. पहिला भांडवली खर्च, म्हणजे विमानाची किंमत. ती हिस्सा घेताना एकदाच भरायची आणि हिस्सा विकताना बऱ्याच अंशी परत मिळवायची. दुसरा स्थिर खर्च, जो विमान उडो वा न उडो लागतोच: हँगरचे किंवा उघड्यावर बांधून ठेवण्याच्या जागेचे भाडे, विम्याचा हप्ता, वार्षिक तपासणी. तिसरा तासागणिक खर्च: इंधन, तेल, टायर, तासांवर ठरणारी देखभाल आणि इंजिनासाठी बाजूला काढायची रक्कम. गटात वाटला जातो तो मुख्यतः पहिला आणि दुसरा. तिसऱ्यात वाटणी होत नाही, जो उडतो तो भरतो.

चलन कोणतेही असो, प्रमाण समजावे म्हणून केवळ एकके धरू. विमानाची किंमत ६,००० एकके, वर्षाचा स्थिर खर्च ९०० एकके, तासागणिक खर्च १० एकके आणि तसल्याच विमानाचे बाजारातले भाडे तासाला २० एकके. एकटा मालक वर्षाला ४० तास उडत असेल, तर स्थिर खर्चाचा भार प्रत्येक तासावर २२.५ एकके येतो आणि तास ३२.५ ला पडतो, म्हणजे भाड्याहून पुष्कळ महाग. सहा जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला स्थिर खर्च १५० एकके येतो. तेच ४० तास उडणाऱ्याला तास १३.७५ ला पडतो. पण त्याच गटातला जो सभासद वर्षाला पंधराच तास उडतो, त्याला तास बरोबर २० ला पडतो. भाडे आणि हिस्सा यांची तोंडमिळवणी या उदाहरणात पंधरा तासांवर होते. त्याहून कमी उडणाऱ्याने हिस्सा घेणे म्हणजे इतरांच्या उडण्याला हातभार लावणे. हिस्सा घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या लॉगबुकातून मागच्या दोन वर्षांचे तास प्रामाणिकपणे काढावेत, पुढच्या वर्षीच्या संकल्पातले नव्हे. शिवाय ६,००० चा सहावा हिस्सा म्हणून १,००० एकके अडकून पडतात, ती गोष्ट वेगळीच.

सभासद वाढवत नेले की खर्च त्याच प्रमाणात घटत जाईल असेही नाही. विम्याचा हप्ता वैमानिकांची संख्या आणि त्यातल्या सर्वांत नवख्या वैमानिकाचा अनुभव पाहून ठरतो, आणि विमान जास्त हातांत गेले की चाके, ब्रेक, दारांच्या कड्या यांची झीजही वाढते. सहावरून बारावर गेल्याने जी बचत होते, ती दोनवरून सहावर येताना झालेल्या बचतीच्या मानाने फारच थोडी असते. उदाहरणातच पाहा: दोघांत स्थिर खर्च प्रत्येकी ४५०, सहांत १५०, बारांत ७५.

आता या सगळ्या व्यवहारातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी विचारली जाणारी बाब, म्हणजे इंजिनाचा निधी. विमानाच्या पिस्टन इंजिनाला उत्पादकाने एक आयुर्मर्यादा सुचवलेली असते, जिच्यानंतर ते पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधायचे असते; याला ओव्हरहॉल म्हणतात. सेस्ना १७२ आणि पीए-२८ यांच्या अनेक जुन्या आवृत्त्यांमध्ये असलेल्या लायकमिंग ओ-३२० या इंजिनासाठी ही मर्यादा साधारणपणे २,००० तास किंवा १२ वर्षे, यांतले जे आधी येईल ते, अशी आहे. समजा ओव्हरहॉलचा खर्च ४,००० एकके आहे. मग प्रत्येक उडलेल्या तासामागे २ एकके बाजूला पडली पाहिजेत. वर धरलेल्या तासाच्या १० एककांत ती धरलेली आहेतच. नीट चाललेला गट ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो आणि तिला हात लावत नाही. ढिसाळ गट मात्र तासाचा दर कमी ठेवून सभासदांना खूश ठेवतो, किंवा निधी गोळा करून तो नव्या रेडिओवर खर्च करून टाकतो.

याचा नव्या सभासदावर काय परिणाम होतो ते आकड्यांतच पाहावे. विमानाच्या इंजिनाचे १,५०० तास झालेले आहेत आणि निधीच्या खात्यात काहीच नाही असे समजा. त्या १,५०० तासांची जी ३,००० एकके साठायला हवी होती, ती सभासदांनी दर कमी ठेवून आधीच उपभोगली आहेत. तुम्ही सहावा हिस्सा घेताच त्या तुटीतला सहावा भाग, म्हणजे ५०० एकके, तुमच्या अंगावर येतो. १,००० एककांना सांगितलेला हिस्सा प्रत्यक्षात १,५०० चा असतो, फक्त उरलेले ५०० काही वर्षांनी तातडीच्या वर्गणीच्या रूपाने मागितले जातात. उलट निधीत ३,००० एकके जमा असतील, तर विक्रेता हिस्स्याची किंमत थोडी जास्त सांगेल आणि ती रास्त असेल, कारण त्या ठेवीतला सहावा भागही तो तुम्हाला विकतो आहे. म्हणून दोन गटांच्या हिस्स्यांची नुसती किंमत ताडून पाहण्यात अर्थ नाही. इंजिनाचे झालेले तास, त्याच्या मागच्या ओव्हरहॉलची तारीख आणि निधीतली शिल्लक हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय कोणती किंमत स्वस्त ते कळतच नाही.

तारखेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. एकट्या मालकाचे वर्षाला चाळीस तास उडणारे विमान २,००० तास गाठायला पन्नास वर्षे घेईल, म्हणजे त्याचे इंजिन तासांनी नव्हे तर वर्षांनी म्हातारे होते. लायकमिंग इंजिनांमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा फिरता दांडा, वरच्या बाजूला असतो; विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले की त्याच्यावरचे तेल निथळून खाली जाते, ओलाव्याने गंज धरतो आणि पुढे इंजिन सुरू झाल्यावर त्या गंजलेल्या पृष्ठभागाची झीज वेगाने होते. सहा जण मिळून वर्षाला २४० तास उडवत असतील तर २,००० तास साधारण सव्वाआठ वर्षांत पूर्ण होतात, बारा वर्षांच्या आतच. गटाचे विमान दहा हातांतले म्हणून खिळखिळे असणार, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. आसनांची कव्हरे फाटलेली असतील, पण इंजिन बहुधा हँगरमध्ये जपून ठेवलेल्या देखण्या विमानापेक्षा निरोगी असते.

उत्पादकाची ही मर्यादा खासगी वापरात अनेक देशांत शिफारस मानली जाते, सक्ती नव्हे. तपासण्यांमध्ये सिलिंडरांचा दाब ठीक आला, तेलाच्या गाळणीत धातूचे कण सापडले नाहीत, तर इंजिन पुढे चालवता येते. हे करायचे की नाही यावर गटात मतभेद होणारच. ज्याला लवकरच हिस्सा विकायचा आहे त्याला ‘अजून चालेल’ असे वाटते आणि ज्याला मुलाबाळांना घेऊन उडायचे आहे त्याला वाटत नाही. हा निर्णय कोण आणि किती मतांनी घेणार, हे इंजिन कुरकुरू लागण्याच्या आधीच लिहून ठेवलेले बरे.

मालकीचे कायदेशीर रूप साधारण दोन प्रकारचे असते. पहिल्यात सर्व सभासद थेट सहमालक असतात. दुसऱ्यात विमान एका छोट्या कंपनीच्या नावावर असते आणि सभासदांकडे तिचे शेअर असतात. थेट मालकी करायला सोपी, पण गटाच्या कर्जाची किंवा नुकसानभरपाईची जबाबदारी प्रत्येकावर वैयक्तिकरीत्या येऊ शकते. कंपनीत ती बऱ्याच प्रमाणात मर्यादित राहते आणि सभासद बदलताना शेअर हस्तांतरित केले की भागते, मात्र कंपनीचे वार्षिक कागदपत्र कोणीतरी भरत राहावे लागतात. प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्याची स्वतःच्या चुकीबद्दलची जबाबदारी मात्र कंपनी केल्याने टळत नाही. याखेरीज काही गट हिस्सा न विकता नुसती अनामत आणि मासिक वर्गणी घेऊन सभासद करून घेतात. आपण खरोखर किती उडतो हे ज्याला अजून ठाऊक नाही त्याने आधी असा गट शोधावा असे मला वाटते.

देशोदेशीचे विमानवाहतूक नियमही येथे लक्षात घ्यावे लागतात, कारण एका मर्यादेपलीकडे गट हा धंदा ठरू शकतो आणि मग व्यावसायिक उड्डाणाचे कडक नियम लागू होतात. ब्रिटनमध्ये सामायिक मालकीचे विमान खासगी समजले जावे यासाठी मालकांची संख्या २० पर्यंतच आणि प्रत्येकाचा वाटा किमान ५ टक्के असावा लागतो. तिकडच्या गटांत वीस हा आकडा वरचेवर भेटतो तो यामुळे. अमेरिकेत विमानाची वार्षिक तपासणी सर्वांनाच बंधनकारक आहे, पण दर १०० तासांची तपासणी मुख्यतः भाडे घेऊन माणसे नेणाऱ्या किंवा विमानासह प्रशिक्षण विकणाऱ्यांना लागते, स्वतःच्या विमानातून स्वतः उडणाऱ्या मालकांना नाही. तेल बदलणे, टायर बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे अशी किरकोळ कामे तेथे मालक-वैमानिकाला स्वतः करून नोंदवता येतात, आणि जो गट महिन्यातून एक सकाळ त्यासाठी एकत्र येतो त्याचे पैसे तर वाचतातच, शिवाय सभासदांना आपले विमान आतून माहीत होते.

सोबत नेलेल्या मित्राकडून पैसे घेण्याचा प्रश्नही याच नियमांत येतो. अमेरिकेत खासगी वैमानिकाला प्रवाशांबरोबर वाटून घेता येतो तो फक्त इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे एवढाच खर्च, आणि त्यातलाही स्वतःचा समान वाटा त्याने भरलाच पाहिजे. हँगरचे भाडे किंवा विम्याचा हप्ता मित्रांकडून वसूल करता येत नाही. गटातल्या एखाद्याने ही रेषा ओलांडली तर विमा कंपनी अपघातानंतर हात वर करू शकते, आणि तेव्हा नुकसान त्या एकाचे नसते.

विम्याची पॉलिसी म्हणूनच प्रत्येक सभासदाने स्वतः वाचावी. तिच्यात पाहायच्या गोष्टी फार नाहीत. विमानाची मान्य किंमत आजच्या बाजारभावाला धरून आहे का, की दहा वर्षांपूर्वीचीच चालू आहे? वैमानिकांची नावे दिलेली आहेत की किमान अनुभवाची अट घातली आहे? विमान कंपनीच्या नावावर असेल तर सभासद स्वतःही विमाधारक म्हणून नोंदलेले आहेत का? शेवटचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण तो चुकला तर विमा कंपनी गटाला भरपाई देऊन तीच रक्कम विमान उडवणाऱ्या सभासदाकडून वसूल करू पाहील. अपघातात जी पहिली ठरावीक रक्कम विमा कंपनी देत नाही ती कोणी सोसायची हेही ठरलेले असावे. विमान ज्याच्या ताब्यात होते त्याने, असा बहुतेक गटांचा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे.

तासांची मोजणी कशी होते यावरूनही गटाचा स्वभाव कळतो. विमानात दोन मोजयंत्रे असू शकतात. हॉब्स मीटर घड्याळासारखा चालतो. इंजिन चालू असले की तो पुढे सरकत राहतो. टॅकोमीटरवरचा तासांचा आकडा मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि ठरावीक वेगाच्या खाली हळू सरकतो, त्यामुळे तो घड्याळापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के कमी भरतो. हॉब्सवर पैसे आकारले की इंजिन नीट गरम होऊ न देता धावपट्टी गाठण्याची घाई होते. टॅकोवर आकारले की सभासद शांतपणे तपासण्या करतात आणि हवेतही इंजिनावर कमी जोर देतात. मी टॅकोच्या बाजूचा आहे. इंधनाचेही तसेच. इंधन धरून तासाचा दर लावला तर इंधन-हवेचे मिश्रण काटकसरीने बेतण्यात कोणाला रस उरत नाही. इंधन ज्याचे त्याने भरायचे ठरले तर मागचा माणूस टाकी किती भरून ठेवतो यावरून कुरबुर सुरू होते. यावर टाकी अमुक एका खुणेपर्यंत भरूनच विमान ठेवायचे, असा नियम करतात. टाक्या काठोकाठ भरून ठेवणे सोयीचे वाटते, पण चार आसनांच्या अनेक विमानांना पूर्ण टाक्यांसह चार प्रौढ माणसे झेपत नाहीत, आणि भरलेले इंधन काढणे हे भरण्याइतके सोपे नसते.

विमान मिळेल का, ही नव्या सभासदाची मुख्य भीती असते. २४० तास हे वर्षातल्या ८,७६० तासांपुढे काहीच नाहीत, पण सगळ्यांना हवी असते ती शनिवार-रविवारची स्वच्छ सकाळ. वर्षाच्या बावन्न शनिवारांत सहा जणांच्या वाट्याला नऊही पुरते येत नाहीत, आणि त्यांतले काही पावसापाण्यात जातात. म्हणून गटात शनिवार-रविवारीच मोकळे असणारे सहा जण असण्यापेक्षा एखादा निवृत्त, एखादा पाळीत काम करणारा असा मेळ असलेला बरा. ऑनलाइन नोंदणी-पत्रक पाहायला मिळाले तर मागच्या तीन महिन्यांचे पाहावे. कोण आगाऊ दहा शनिवार अडवून आयत्या वेळी सोडून देतो ते त्यात लगेच दिसते.

सरावाचा प्रश्न मात्र गटाने सभासदाच्या सदसद्विवेकावर सोडू नये. अमेरिका आणि युरोप या दोन्हीकडे प्रवासी नेण्यासाठी मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली असणे आवश्यक आहे, पण ही कायद्याची किमान अट आहे. एकट्याने उडायला ती लागत नाही, आणि सहा महिने न उडलेला सभासद विमान घेऊन निघाला तर ते विमान बाकी पाच जणांचेही असते. ठरावीक दिवस न उडल्यास प्रशिक्षकाबरोबर एक फेरी, असा नियम असलेला गट निवडावा. त्याच जोडीने बिघाडांची नोंदवही उघडून पाहावी: ‘डावा ब्रेक मऊ लागतो’ अशी नोंद दिसली की तिच्यापुढे दुरुस्तीची तारीख आणि सही आहे का, की महिनाभर तीच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे, एवढे पाहिले तरी पुरे होते.

राहिली बाहेर पडण्याची तरतूद. हिस्सा विकताना तो आधी उरलेल्या सभासदांना देऊ करायचा, नव्या माणसाला गटाची संमती लागायची आणि हिस्सा विकला जाईपर्यंत मासिक वर्गणी चालूच राहायची, अशी कलमे सर्रास असतात. तिन्ही समजण्यासारखी आहेत, पण एकत्र आली की सभासद अडकतो: गट स्वतः घेत नाही, आणलेला माणूस पसंत करत नाही आणि वर्गणी मात्र घेतो. म्हणून संमती नाकारण्याला कारण द्यावे लागेल आणि अमुक महिन्यांत निर्णय न झाल्यास वर्गणी थांबेल किंवा गटाने ठरल्या सूत्राने हिस्सा विकत घ्यावा, असे कलम मागून घ्यावे. सभासदाचे निधन झाले किंवा वैद्यकीय कारणाने त्याचा परवाना थांबला तर काय, हेही त्यातच यावे. वारसाला विमान उडवता येत नाही, पण हिस्स्याची वर्गणी त्याच्या नावावर चढत राहू शकते. आणि विमान अपघातात पूर्ण निकामी झाले तर विम्याचे पैसे वाटून गट मोडायचा की दुसरे विमान घ्यायचे, तसेच इंजिनाच्या निधीची वाटणी समान करायची की ज्याने जितके तास भरले त्या प्रमाणात, हेही करारनाम्यात लिहिलेले असले पाहिजे. नसेल तर सही करण्यापूर्वी ते लिहून घ्यावे.